‘पुण्यात कुठे पाणी गोठतं?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आमचं वेल्डिंग कच्चं होतं, म्हणून तुमच्या कोल्ड स्टोरेजच्या अँटीरूममध्ये (गारठ्याच्या खोलीबाहेरच्या खोलीत) आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरचा पाइप फुटला आणि खोकी भिजली. आता ‘पाणी गोठलं’ असं सांगून आम्ही ड्राय सिस्टीम (पाइपात पाण्याऐवजी हवा असलेली) गळ्यात मारतोय.

माल भिजला त्याबद्दल आधी मनापासून माफी मागतो. एक चूक आमचीच आहे. जुलैत फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) देताना आमच्या माणसाने गेजवरचं प्रेशर पाहिलं, गारठ्याच्या खोलीच्या दाराशेजारचा तापमानाचा डिस्प्ले पाहिला नाही. तिथे उणे १८ दिसलं असतं. आम्ही लाइन टाकली तेव्हा त्या खोलीत भाजी ५ अंशांवर असायची. पुढे तुम्ही मटार आणि आइस्क्रीम ठेवायला लागलात, पाइपात पाणी मात्र भरलेलंच राहिलं.

पुण्याच्या हवेत पाइप गोठत नाही, हे तुमचं खरं. इथला नीचांकसुद्धा १.७ अंश, तोही १९३५ सालचा. पण पफ पॅनेलच्या (थंडावा राखणाऱ्या फोमच्या भिंतींच्या) आत पुण्याची हवा नाही.

‘मग एल्बो (पाइपाचा वाकडा जोड) खोलीबाहेर कसा फुटला, तिथे तर बर्फ नव्हता’ हा प्रश्न रास्त आहे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. खोलीतल्या पाइपात बर्फाचं बूच बसलं की ते वाढता वाढता उरलेलं पाणी मागे रेटतं. मागे पाणी परत जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याला जायला वाटच नाही. दाब चढत जातो आणि जिथे कमजोर तिथे तडकतं, मग ते बर्फापासून चार फुटांवर का असेना. तो एल्बो मी ऑफिसात जपून ठेवलाय. हातात घेऊन बघा: तडा एल्बोच्या पाठीवर, बोटभर लांब, दोन्हीकडचं वेल्डिंग शाबूत.

बिनपाण्याच्या पाइपाने आग कशी विझणार, असंही विचारलंत. पाइपात दाबाने हवा भरलेली असते, पाणी बाहेर व्हॉल्व्हमागे थांबतं. ६८ अंशांना स्प्रिंकलरचा लाल काचेचा बल्ब फुटतो, हवा निघून जाते, दाब उतरतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. पाणी थोडं उशिरा पोचतं, हे लपवणार नाही. साध्या कंप्रेसरच्या हवेतली ओल पाइपात गोठून पुन्हा बूच बसतं, म्हणून कोटेशनमध्ये हवा सुकवणारा ड्रायर आहे. तोच खर्च तुम्हाला खटकला. तुमच्या एका खोलीपुरता दुसरा मार्गही आहे: पाण्याची लाइन पॅनेलच्या छतावर, गोठणार नाही अशा जागी ठेवायची आणि आत फक्त ड्राय पेंडंट स्प्रिंकलर (बल्ब फुटेपर्यंत नळी कोरडी राहणारे) उतरवायचे. हा पर्याय आम्ही आधीच द्यायला हवा होता.

सध्या त्या झोनचा व्हॉल्व्ह बंद आहे, याची मला जास्त काळजी वाटते. पफ पेटलं की काळ्या धुराने आत काही दिसत नाही. व्हॉल्व्ह पुन्हा सुरू होईपर्यंत तिथे वेल्डिंग-ग्राइंडिंग करू देऊ नका, रात्रपाळीला एक माणूस फक्त त्या खोलीसाठी ठेवा. एल्बोच्या दुरुस्तीची मजुरी आम्ही घेणार नाही. सोमवारी सकाळी छताची मापं घ्यायला मी स्वतः येतो.