आधी पेशंटला विचारा

‘पेशंटला काही सांगू नका हं डॉक्टर.’ मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. मराठीत, हिंदीत, गुजरातीत. बोलणारा मुलगा असतो, नवरा असतो, जावई असतो. डॉक्टर मान हलवतात. आणि ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं तो माणूस चार पावलांवर कॉटवर बसून दाराकडे बघत असतो.

कॅन्सरच्या वॉर्डात सिस्टर म्हणून मी नोकरी केली, आता निवृत्त आहे. वाईट बातमी कशी सांगावी यावर हल्ली बरंच बोललं जातं. आवाज मऊ ठेवा, घाई करू नका, हातावर हात ठेवा. हे सगळं हवंच. पण त्याच्या आधीची गोष्ट आपण गाळून टाकतो. ज्याची बातमी आहे त्याला कोणी विचारतच नाही, की तुम्हाला किती जाणून घ्यायचंय आणि कोणाच्या समोर. माझं म्हणणं एवढंच आहे की हे आधी विचारा. नातेवाइकांना बाहेर बोलावण्याच्या आधी.

घरच्यांना वाटतं लपवलं की लपतं. मुंबईत ते कसं लपणार? दादर स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला नुसतं ‘टाटा’ म्हटलं तरी तो परळला नेऊन सोडतो. १९४१ पासून ते हॉस्पिटल तिथे उभं आहे. जळगाव, नांदेड, रत्नागिरीहून निघालेल्या माणसाला ‘टाटाला न्या’ हे गावातच कोणीतरी त्याच्यादेखत बोललेलं असतं. मग तो दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरतो. शेजारी केस गेलेला पोरगा, पलीकडे तोंडाला रुमाल बांधलेले गृहस्थ. केमोच्या रांगेत बाकीचे पेशंट एकमेकांना कितवी सायकल, कुठला डोस, सगळं विचारत असतात. जगाने त्याला सांगून झालेलं असतं. सांगायचे राहतात फक्त डॉक्टर आणि घरची माणसं.

एक काकू आठवतात. मुलगा रोज येता-जाता मला बजावायचा, ‘सिस्टर, आईला अल्सर सांगितलंय, तुम्ही सांभाळून घ्या.’ काकूंच्या पोटात पाणी भरत होतं, महिन्याभरात निम्म्या झाल्या होत्या. एका रात्रपाळीला सलाईन बदलायला गेले तर त्या जाग्याच होत्या. म्हणाल्या, ‘मला कळलंय सगळं. पण माझ्या मुलाला सांगू नका की मला कळलंय. तो खचेल.’ दोघंही एकमेकांना वाचवत होते. आणि त्या वाचवण्यात, जे महिने एकमेकांशी मोकळं बोलायला मिळाले असते ते ‘आज बरं वाटतंय ना?’ आणि ‘हो, बरंच’ यात संपले. हे प्रेमच होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या प्रेमाला डॉक्टरने वाट करून द्यायला हवी होती, आणि ते काम डॉक्टरचंच होतं.

याच्या उलटही असतं. एक आजोबा विचारल्यावर सरळ म्हणाले, ‘मला आकडे, स्टेज काही सांगू नका. मुलीशी बोला. मला दुखू नये एवढं बघा.’ मग त्यांना काहीच सांगितलं नाही, आणि ते अगदी योग्य झालं. कारण ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं. सगळ्यांना सगळं सांगून मोकळे व्हा असं मी म्हणत नाही. न ऐकण्याचा हक्कही पेशंटचाच, तो त्याच्या वतीने जावयाने वापरायचा नसतो.

२००० साली परदेशातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. स्पाइक्स म्हणतात तिला. जागा नीट निवडा; पेशंटला आजाराबद्दल आत्तापर्यंत काय कळलंय ते विचारा; त्याला किती ऐकायचंय ते विचारा; मग सोप्या भाषेत सांगा; त्याच्या मनात जे उसळेल त्याला जागा द्या; आणि शेवटी पुढे काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवा. सहापैकी दोन पायऱ्या नुसत्या विचारण्याच्या आहेत, सांगणं चौथ्या नंबरला येतं. आपल्याकडे सुरुवातच चौथीपासून होते, तीही पेशंटला वगळून.

‘हे फॉरेनचं झालं, आपल्या संस्कृतीत असं नाही चालत,’ असं सीनियर डॉक्टरांच्या तोंडून मी खूप वेळा ऐकलंय. मला हे पटत नाही. अमेरिकेत १९६१ साली डॉक्टरांची एक पाहणी झाली होती. त्यात ९० टक्के डॉक्टर कॅन्सर झाल्याचं पेशंटला न सांगण्याच्या बाजूचे होते. तसाच प्रश्न १९७९ साली विचारला तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. मधल्या अठरा वर्षांत अमेरिकेची संस्कृती बदलली नव्हती, डॉक्टरांची सवय बदलली होती. आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, निर्णय सगळे मिळून घेतात, हे खरंच आहे. मग त्या ‘सगळ्यां’त पेशंट का नको?

कायद्याचं बघा. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे २००२ चे नियम सांगतात की आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. मात्र त्यातच पुढे पेशंट, नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांच्यापैकी कोणालाही माहिती दिली तरी चालेल अशा अर्थाचा ‘किंवा’ आहे, आणि त्याच फटीतून सगळा कारभार चालतो. २००८ साली मात्र सुप्रीम कोर्टाने समीरा कोहली यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. तिथे फक्त तपासणीसाठी भूल दिलेली होती, आणि बाई बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. कोर्ट म्हणालं, सज्ञान आणि समजत्या पेशंटच्या ऐवजी आईची संमती चालणार नाही.

बायकांच्या बाबतीत तर मला विशेष राग येतो. पुरुष पेशंट असला तर निदान ‘काका, बसा’ म्हणून थोडं तरी बोलणं होतं. बाई असली की ‘मिस्टर कुठायत?’ हाच पहिला प्रश्न. स्तनाची गाठ तिची, ऑपरेशन तिचं, पण काय काढणार आणि किती काढणार हे नवऱ्याला माहीत. तिला ‘छोटंसं ऑपरेशन आहे’. भूल उतरल्यावर ड्रेसिंगवर हात फिरवून ज्यांना खरं कळलं अशा बायका मी पाहिल्यात. त्यांचा तो हुंदका कोणत्याही रिपोर्टमध्ये लिहिलेला नसतो.

आणि विचारायला लागतं तरी काय? एक स्टूल आणि एक पडदा. डॉक्टर उभे आणि पेशंट आडवा, अशा स्थितीत कोणीही काही विचारू शकत नाही. बसा. ‘आत्तापर्यंत तुम्हाला आजाराबद्दल काय सांगितलंय?’ असं विचारा आणि उत्तर पूर्ण होऊ द्या. मग, ‘रिपोर्ट आलेत. तुमच्याशीच सगळं बोलू, की घरातलं कोणी सोबत असलेलं बरं वाटेल?’ पुढचं वाक्य, ‘बातमी चांगली नाहीये.’ आणि इथे थांबा. खरोखर थांबा. रेसिडेंट मुलांना, म्हणजे वॉर्डात शिकत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना, ही शांतता सहन होत नाही, लगेच केमो, रेडिएशन, स्कॅनच्या तारखा सुरू होतात. ‘कॅन्सर’ कानावर पडल्यानंतरच्या पाच मिनिटांत सांगितलेलं पेशंटला फारसं आठवत नाही. संध्याकाळी त्याने तेच मला परत विचारलेलं असतं. तारखा दुसऱ्या दिवशी सांगितल्या तरी चालतात.

‘किती दिवस आहेत?’ या प्रश्नाला ‘सगळं वरच्याच्या हातात’ म्हणून निघून जाऊ नये. नेमका आकडाही देऊ नये, तो चुकतोच आणि घरचे कॅलेंडरवर खुणा करत बसतात. ‘वर्षं नाहीत, काही महिने असतील असं वाटतं, कमी-जास्त होऊ शकतं. तुम्हाला कशासाठी जाणून घ्यायचंय?’ असं विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते. लालबागच्या चाळीतले एक काका, गिरणीत आयुष्य गेलेलं, त्यांना आमच्या एका मॅडमनी हे असंच विचारलं. म्हणाले, गणपतीला गावी जायचंय आणि खोलीचे कागद सुनेच्या नावावर करायचेत, मुलगा दारू पितो. मॅडमनी पुढची केमो लांबवली. काका कोकणात जाऊन आले, कागद झाले. त्यांना फसवत ठेवलं असतं तर ती सून आज कुठे असती कोण जाणे.

सगळ्यात क्रूर वाक्य मात्र वेगळंच आहे, आणि ते अगदी प्रेमाने बोललं जातं. ‘आता घरी न्या, सेवा करा.’ सेवा करायची म्हणजे काय करायचं? रात्री दोनला श्वास लागला तर? दुखणं गोळीने थांबलं नाही तर? जखमेला वास यायला लागला तर? सोबत मॉर्फिन नाही, फोन नंबर नाही, आणि माणसं विरारच्या लोकलमध्ये पेशंटला टेकवून निघालेली. ‘आता काही करता येणार नाही’ हे खोटं आहे. आजार हटवता येणार नसेल, पण दुखणं, उलट्या, धाप, झोप यासाठी करण्यासारखं खूप असतं. टाटामध्ये पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे असा त्रास कमी करण्याच्या उपचारांचा, स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांत पेशंटची काळजी घेणारी जागा, आपल्या मुंबईत आहे. अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीमची सोबत मिळालेले पेशंट जास्त चांगलं जगलेच, शिवाय सरासरीने जास्त दिवस जगले, साधारण साडेअकरा महिने, बाकीचे नऊ महिन्यांच्या आसपास. म्हणजे या टीमकडे पाठवणं म्हणजे हात टेकणं नव्हे. पण हे सांगायचं तर आधी आजार काय आहे ते सांगावं लागतं, आणि तिथेच गाडी अडते.

डॉक्टरांना मी व्हिलन करत नाहीये. ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. सकाळपासून न जेवलेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराला रात्री अकराला सांगायला पाठवतात, कारण सरांना ते नकोसं वाटतं. समोरून दहा नातेवाईक अंगावर येतील ही भीती खरी आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१० साली कायदा करावा लागला, तरी मारहाणीच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. कसं बोलायचं हे त्यांना कोणी शिकवलेलंही नव्हतं. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमत्ता आली, ही मोठीच गोष्ट आहे. पण पोरं वर्गात शिकतील एक आणि राउंडला सरांचं बघतील दुसरं, तर सरांचंच उचलतील. म्हणून कठीण बोलणं युनिटच्या सीनियरने करावं, ज्युनियरने शेजारी बसून ऐकावं, आणि वॉर्डची सिस्टर तिथे हजर असावी.

सिस्टर का, ते सांगते. डॉक्टर सांगून जातात, पुढचे प्रश्न आम्हाला येतात. पहाटे चारला पेशंट विचारतो, ‘सिस्टर, मी घरी जाईन ना?’ आणि त्याला दिवसा काय सांगितलंय हेच आम्हाला ठाऊक नसतं. फाइलमध्ये पोटॅशियम किती ते असतं, हे नसतं. तेव्हा रेसिडेंट डॉक्टरांनो, बोलून झालं की फाइलमध्ये लिहा: पेशंटला काय सांगितलं, कोणासमोर सांगितलं, त्याने काय विचारलं, काय ऐकायला नको म्हणाला. आणि ड्युटी बदलताना आम्ही ओव्हर देतो-घेतो, त्यात आमच्या मुलींनी बीपी आणि सलाईनच्या आधी हे सांगावं.