ओबामाबाईचं किराणा दुकान

पारावर मला कालपासून ‘ओबामाबाईचा दिवाणजी’ म्हणतात. टोमॅटोपायी.

पुण्याचा भाचा सुट्टीत आमच्या दर्यापूरकडच्या गावी आलाय. वय सात. माझ्या मोबाइलचा नेट जोडून टीव्हीवर पोरांना खाण्या-रांधण्याची गोडी लावणारा एक कार्यक्रम बघतो, ‘वॉफल्स प्लस मोची’. २०२१ चा. बर्फाच्या मुलखातून आलेल्या दोन बाहुल्या, आणि त्या जिथं कामाला लागतात त्या सुपरमार्केटची मालकीण मिशेल ओबामा. पहिलाच भाग टोमॅटोचा. फळ की भाजी? (१८९३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं आयातकरापुरता निकाल दिला: भाजी. आमचा बांधाचा दावा अजून तारखेवरच आहे.)

भाग संपला आणि भाच्यानं हुकूम सोडला, “मामा, आज शेफ मी. तू मोठा माणूस, तू नुसता गॅस पेटव.”

भंडाऱ्याला शे-दोनशे पानांची वांग्याची भाजी एकहाती उतरवणारा माणूस मी. नुसता गॅस पेटव!

तेवढ्यात बापूकाका पाना मागायला आले आणि टीव्हीसमोर बसले.

“हे बाई कोन होय, मास्तर?”

“ओबामांची बायको.”

“अमेरिकेवाल्या? अन् दुकान?”

“तिचंच.”

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “आठ वर्सं राज केलं त्या मानसानं, अन् आता बायकोले किराना टाका लागला? पेन्शन नाही भेटत काय?”

“काका, ते नाटक आहे. पोरांनी भाज्या खाव्या म्हणून.”

“तेच म्हन्तो ना मी. धंदा नसन चालत. गिऱ्हाईक दिसते काय एखांदं? दोन बाहुल्या हायेत, त्याईच्याजवळ पैसे कुठचे?” मग आवाज खाली आणून, “आपल्याइकडं पाच वर्सं सरपंच राह्यला त दुमजली बांधते, मास्तर. हा मानूस सादाच दिसते बिचारा.”

मला हसू यायला हवं होतं. पण गेल्या महिन्यात घरकुलाच्या यादीतून माझंच नाव गळलंय, त्यामुळे दुमजली म्हटलं की घशाला कोरड पडते.

इकडे शेफसाहेबांना टोमॅटो भाजायला ओव्हन हवा होता.

“ओव्हन कायले पाह्यजे?” काका म्हणाले. “गच्चीवर ठेव. पंचेचाळीस डिगरी फुकट भेटून राह्यली.”

आणि मी ठेवलं! बी.एड. झालेल्या माणसानं दीड किलो टोमॅटो उभे चिरून, मीठ लावून, परातीत मांडून गच्चीवर ठेवले. शेजारी बायकोच्या कुरड्या वाळत होत्या. गहू तीन दिवस भिजवून, चीक काढून, पहाटे उठून घातलेल्या.

अर्ध्या तासात वानरं आली. अख्खा कळप. टोमॅटो संपवले, कुरड्यांवर लोळले, जाताना परात खाली ढकलली. ती बापूकाकांच्या सायकलवर पडली, म्हणून त्यांना वाईट वाटलं.

“मामा, माकडांनी खाल्लं म्हणजे फळच,” भाचा म्हणाला.

बायको काल दुपारपासून माझ्याशी बोलत नाही. काकांना सल्ला देऊन मोकळं होता येतं, भाचा चार दिवसांनी पुण्याला जाईल, आणि वाळवणाची वार्ता निघाली की वर्षभर नाव माझंच निघणार.

आज सकाळी मी साखर आणायला गेलो. दुकानदारानं वही उघडलीच नाही.

“उधारी बंद हाये, मास्तर. तुमचं तं अमेरिकेत दुकान हाये म्हन्ते.”

पाना अजून काकांकडेच आहे.