हँडशेक फसला? तपासणीच बंद करा!

शुक्रवारी संध्याकाळी तुमचा जावा क्लायंट समोरच्या वेब सर्व्हिसशी बोलायला जातो, हँडशेकमध्येच (म्हणजे सुरुवातीच्या ओळख पटवण्यातच) अडतो आणि लॉगमध्ये उमटतं, 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड'. पहिलं पथ्य: ही ओळ पुढे वाचायची नाही. पुढे सरळ लिहिलेलं असतं की समोरच्या सर्टिफिकेटपासून, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रापासून, आपल्या ओळखीच्या रूटपर्यंत (ती देणाऱ्या मूळ संस्थेच्या सर्टिफिकेटपर्यंत) वाट सापडत नाही. पण इतकं स्पष्ट बोलणाऱ्याचं ऑफिसात कोण ऐकतं?

आधी नेटवर्कवाल्यांना मेल टाका. फायरवॉलचा संशय घ्यायला पुरावा लागत नाही. सोबत कुलपाच्या चित्रासकट ब्राउझरचा स्क्रीनशॉट जोडा आणि लिहा, 'आमच्याकडे तर उघडतंय!' जावाची विश्वासू रूट्सची यादी वेगळी असते, हा विचार मनात आणू नका. सर्व्हर स्वतःचं सर्टिफिकेट रूटशी जोडणारं मधलं इंटरमीजिएट सर्टिफिकेट पाठवायला विसरला, तर ब्राउझर बहुधा ते स्वतःच मिळवतो. जावा मुद्दाम सांगितल्याशिवाय तसदी घेत नाही. ओपनएसएसएल या टूलच्या एका कमांडने हे कळतं, म्हणूनच ती टाळा. त्यापेक्षा बारा जणांचा कॉल लावा.

कॉलमध्ये काहीच निष्पन्न होणार नाही. मग रामबाण काढा: स्वतःचा ट्रस्टमॅनेजर (सर्टिफिकेट तपासणारा कोड) लिहा, त्यातली 'चेक सर्व्हर ट्रस्टेड' ही मेथड रिकामी ठेवा आणि सर्टिफिकेटवरचं नाव ताडून पाहणाऱ्या होस्टनेम व्हेरिफायरमधून डोळे मिटून 'ट्रू' परत करा. सोसायटीच्या वॉचमनला पगार चालू ठेवून, येईल त्याला सलाम ठोकायला सांगावं, तसं हे. डेटा एन्क्रिप्ट होतच राहतो बरं का! फक्त पलीकडे बँक आहे की भामटा, एवढंच कळत नाही. वर 'टेम्पररी' अशी कॉमेंट लिहायला विसरू नका. रिव्ह्यूत कोणी हटकलंच तर 'फक्त यूएटीपुरतं, चाचणीपुरतं आहे' म्हणा. प्रॉडला, म्हणजे खऱ्या वापरातल्या सिस्टिमवर, ते आपोआप पोचतं, त्यासाठी वेगळे कष्ट नाहीत.

सद्सद्विवेकबुद्धी अगदीच छळत असेल तर विश्वासू यादीत सर्टिफिकेट घालणारं जावाचं कीटूल वापरा. ही यादी ठेवणाऱ्या 'सीएसर्ट्स' फाइलचा मूळ पासवर्ड 'चेंजइट'. म्हणजे 'बदल रे बाबा' असं तो स्वतःच विनवतो, तरी तुम्ही द्रवू नका. मशीनवर तीन-चार जेडीके (जावाचे संच) असतील, त्यातला जो चालू नाही त्यातच इम्पोर्ट करा. किंवा वेगळा ट्रस्टस्टोअर, म्हणजे स्वतःची विश्वासू यादी, बनवून त्याचा पाथ प्रॉपर्टीत द्या. तो मूळ यादीत भर घालत नाही, तिची जागाच घेतो. त्यामुळे कालपर्यंत सुरळीत चाललेल्या बाकीच्या सर्व्हिसही बसतात आणि टीमला पुरेसं काम मिळतं.

'हँडशेक फेल्युअर' आलं तर प्रश्न अनेकदा भाषेचा असतो, म्हणजे टीएलएस या सुरक्षित संवादाच्या नियमांच्या आवृत्तीचा. जुन्या अपडेटवरच्या जावा ७ ला टीएलएस १.२ येतं, पण क्लायंट म्हणून तो सवयीने १.० च बोलतो. २०२१ च्या एप्रिलपासून जेडीकेच्या अपडेट्सनी १.० आणि १.१ मुळातच बंद केले. समोरच्याला अपग्रेड करा म्हणणं उद्धटपणाचं दिसतं. त्यापेक्षा बंदी घातलेल्यांच्या यादीतून ती दोन नावं खोडा.

'जावाएक्स डॉट नेट डॉट डीबग' हे हँडशेकचा तपशील दाखवणारं सेटिंग मात्र चुकूनही लावू नका. क्लायंटने काय मागितलं, सर्व्हरने कोणती सर्टिफिकेटं दिली, गाडी कुठे अडली, सगळं बाहेर येतं. आणि चूक आपलीच निघाली तर मेल केलेल्यांना तोंड कसं दाखवणार? लावावं लागलंच, तर प्रॉडवर तसंच चालू सोडून द्या. लॉगने डिस्क भरली की टीएलएसचा विषय मागे पडतो.

राहता राहिलं, इम्पोर्ट करायचं काय? रूट नाही, थेट सर्व्हरचंच सर्टिफिकेट. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवसांवर येते आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ वर, असं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाल्यांच्या सीए ब्राउझर फोरमने ठरवलंय. म्हणजे दर दीड महिन्याला तेच एक्सेप्शन, तोच कॉल, तीच धावपळ. एवढ्या कामाला वेगळा माणूस लागेल, हे मॅनेजरच्या कानावर आत्ताच घाला. नाव तुमचंच सुचवा.