‘कॉमा-फुलस्टॉपचे पैसे घेतात’ या रिव्ह्यूला प्रिंट-बाइंडिंगच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रबंधाची संदर्भसूची तुम्ही गूगलवरून काढून तयारच दिली होती, आम्ही फक्त कॉमा-फुलस्टॉप सारखे केले आणि त्याचे नोंदीमागे वेगळे पैसे लावले, वर काही नोंदी पिवळ्या करून परत दिल्या, आणि एवढं करून गाईडनी सूची परत पाठवलीच. बाइंडिंग चांगलं झालं असंही शेवटी लिहिलंय, त्याबद्दल आभार. तुमचं नाव, कॉलेज, विषय यातलं काही मी इथे लिहिणार नाही. पण सोलापुरात सात रस्त्यापासून केगावपर्यंत प्रबंध काखेत मारून फिरणारी बरीच मंडळी असले रिव्ह्यू वाचूनच दुकान ठरवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी गाईडचं घेतो, कारण खरा राग तिथला आहे. त्यांनी लाल पेनानं पुस्तकांच्या नोंदींपुढे ‘प्रकाशनाचं ठिकाण?’ असं लिहिलंय. काम घेताना आम्ही विचारलं होतं, एपीए (संदर्भ लिहायची एक ठरलेली पद्धत) कुठली हवी, सहावी आवृत्ती की सातवी? तुम्ही ‘नवी असेल ती’ म्हणालात, आम्ही पावतीवर ‘सातवी’ लिहिलं आणि त्याखाली तुमची सही आहे. सहाव्या आवृत्तीत प्रकाशकाच्या आधी गावाचं नाव द्यावं लागायचं. ऑक्टोबर 2019 मध्ये सातवी आली आणि तिनं गाव काढून टाकलं, नुसता प्रकाशक ठेवला. गाईडची दुसरी खूण मजकुरातल्या ‘व इतर’वर आहे. तीन ते पाच लेखक असतील तर सहावीत पहिल्या उल्लेखाला सगळी आडनावं लिहायची, ‘व इतर’ त्यानंतर. सातवीत तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्याच वेळेपासून एक आडनाव आणि ‘व इतर’. म्हणजे त्यांच्या दोन्ही खुणा सहावीच्या हिशेबानं बरोबर आहेत आणि आमचं काम सातवीच्या हिशेबानं. गाईडच्या हाताखालून इतकी वर्षं सहावीतली कामं गेली असतील तर डोळा तिकडेच जाणार, त्यात त्यांचाही काही दोष नाही. फक्त हा प्रश्न तुम्ही आणि त्यांनी मिळून मिटवायचा आहे. आमच्या काउंटरवर तो सुटणार नाही.

आता ‘तयार लिस्ट’. गूगल स्कॉलरवर प्रत्येक निकालाच्या खाली अवतरणचिन्हाचं बटण असतं, ते दाबलं की एपीए, एमएलए, शिकागो अशा सगळ्या पद्धतींत नोंद आयती मिळते. सोय उत्तम आहे, आम्हीही वापरतो. पण ते यंत्र जसं नोंदलेलं सापडेल तसं देतं. लेखाचं नाव कुणी सगळं कॅपिटलमध्ये चढवलं असेल तर ते कॅपिटलमध्येच येतं. एपीएला इंग्रजी लेखाच्या नावात पहिला शब्द, कोलननंतरचा पहिला शब्द आणि विशेषनामं एवढीच मोठ्या अक्षरानं लागतात. नियतकालिकाच्या खंडाचा आकडा तिरपा हवा आणि कंसातला अंकाचा आकडा सरळ. कॉपी-पेस्ट करताना तिरपेपणा उडून जातो. नावांची तर आपल्या गावात वेगळीच गंमत. तेलुगू घरांत घराण्याचं नाव बहुतेक वेळा आधी असतं, यंत्र मात्र शेवटचा शब्द आडनाव समजतं. त्यामुळे एकच लेखक तुमच्या सूचीत दोन जागी, दोन वेगळ्या अक्षरांखाली बसला होता. तो आम्ही एकत्र आणला. ही दुरुस्ती प्रिंटवर दिसत नाही, म्हणून ती झालीच नाही असं वाटतं.

मराठी भागावर जास्त वेळ गेला, आणि तो का गेला हे पाहण्यासारखं आहे. तुमची मराठी सूची कृतिदेवमध्ये टाइप केलेली होती. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसतं, पण आत इंग्रजी कीबोर्डचीच अक्षरं असतात. पहिली वेलांटी आधी मारायची आणि व्यंजन नंतर, आणि त्या वेलांटीची की म्हणजे ‘एफ’. आता वर्डला ‘अकारादी लाव’ म्हटलं की तो बिचारा ‘एफ’ बघतो आणि शिंदे, निकम, भिसे, दिवाण या सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतो. तुमच्या सूचीत नेमकं हेच झालं होतं. सगळं आधी युनिकोडमध्ये (त्यात आतही देवनागरी अक्षरंच असतात) बदललं. बदलताना रफार आणि काही जोडाक्षरं फुटतात, म्हणून ओळ न् ओळ मूळ प्रिंटशी ताडून पाहिली आणि मग क्रम लावला. तरीही क्षीरसागर कुठे बसवायचा हा प्रश्न उरतोच. कॉम्प्युटर त्यांना ‘क’च्या शेवटी टाकतो, आणि वर्णमाला पाठ केलेल्या माणसाला ते ‘ह’ आणि ‘ळ’ झाल्यावर हवे असतात. हे आम्ही तुम्हाला फोन करून विचारलं, आठवत असेल.

ओळींच्या मांडणीबद्दल एक गोष्ट फुकट सांगतो, सगळ्यांच्याच कामाची. नोंदीची पहिली ओळ समासाला आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत, हे बहुतेकजण एंटर आणि स्पेसबार मारून करतात. बाइंडिंगसाठी डावीकडचा समास वाढवला की सगळ्या ओळी विस्कटतात. मजकूर निवडून कंट्रोल धरून टी दाबा, काम झालं. त्यासाठी आमच्याकडे यायचीही गरज नाही.

पिवळ्या नोंदी. इथे मी जपून लिहितो, कारण मला तुमच्यावर आरोप करायचा नाही. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा क्रमांक. तो 10 आणि टिंब असा सुरू होतो आणि सातवीत पूर्ण लिंकच्या रूपात द्यायचा असतो, शेवटी पूर्णविराम न देता. आमचा मुलगा प्रत्येक लिंक उघडून बघतो. तुमच्या काही लिंक उघडल्यावर भलताच लेख समोर आला. नियतकालिक खरं, खंड खरा, पण त्या पानांवर दुसऱ्याच माणसाचा, दुसऱ्याच विषयावरचा लेख. हल्ली चॅटबॉटला संदर्भ मागितले की असे निघतात. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात चॅटजीपीटीनं रचलेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलरचा दंड झाला, ती बातमी आपल्याकडेही आली होती. तुमच्या यादीत त्या नोंदी कशा आल्या ते तुम्हाला माहीत. कदाचित मित्राच्या यादीतून उचलल्या गेल्या असतील. आम्ही त्या गुपचूप काढल्या नाहीत आणि अंदाजानं दुरुस्तही केल्या नाहीत. पिवळ्या केल्या आणि शेजारी काय सापडलं ते लिहिलं. उद्या प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला की तो कुणीही, कुठेही बसून उघडणार आहे.

त्याच पानावर तुम्ही ‘दुकानानं स्पेलिंगही चुकवलं’ म्हणून शोलापूर या शब्दाला गोल केलाय. सर, ते मुंबई इलाख्याचं 1884 चं गॅझेटियर आहे, खंड 20, आणि त्याच्यावर छापलंय ते शोलापूरच. सूचीत ग्रंथाचं नाव छापलंय तसंच द्यायचं असतं. तुमच्या मजकुरात सोलापूर लिहा, तिथे कुणी अडवणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जुळवणीनं, आणि रिव्ह्यूत तिचा उल्लेखही नाही. एपीएच्या सूचीत मजकुरात आलेलेच संदर्भ ठेवायचे आणि मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत असायला हवा. एकानं प्रबंध वाचत जायचं, दुसऱ्यानं सूचीवर टिक करत जायचं. मजकुरात 2014 आणि सूचीत 2016, मजकुरात एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन लिखाणं, पण वर्षापुढे अ आणि ब न लावता, अशा जागा सापडल्या. त्यांची यादी वेगळ्या कागदावर टाइप करून बाइंडिंगच्या पिशवीत ठेवली होती. गाईडना बहुधा ती दाखवायची राहून गेली.

सिमिलॅरिटी (दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराचा टक्का) कमी व्हावी म्हणून काही संदर्भ कमी करा असंही तुम्ही म्हणाला होतात, तेही आम्ही केलं नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे संदर्भसूची त्या तपासणीतून वगळलेली असते. संदर्भ उडवून टक्का उतरत नाही. उलट जे दुसऱ्याचं आहे ते तुमच्या नावावर दिसायला लागतं.

राहिला दर. नोंदीमागचा दर काउंटरवर मोठ्या अक्षरात लावलाय. नुसती मांडणी हवी असेल तर तो कमी, लिंक तपासून आणि मजकुराशी जुळवून हवा असेल तर जास्त. तुम्ही दुसरा निवडला होता. कुणाला तो महाग वाटला तर झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पहिल्या दिवसापासून त्यात नोंदी भरत गेलात तर शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे फक्त प्रिंट आणि बाइंडिंगला यावं लागेल. धंद्याला हे परवडणारं नाही, पण विचारणाऱ्याला आम्ही हेच सांगतो.

गाईडना सहावीच हवी असेल तर त्यांच्याकडून तसं एका ओळीत लिहून आणा. गावांची नावं भरण्यासाठी पुस्तकांच्या आतल्या शीर्षकपानाचे आणि त्याच्या मागच्या बाजूचे मोबाईलवर फोटो काढा. कव्हरचे फोटो नकोत, त्यावर ही माहिती बहुतेक वेळा नसते. पिवळ्या नोंदींतल्या कुठल्या ठेवायच्या, कुठल्या काढायच्या, ते तुम्ही ठरवून या. बदल त्याच पावतीवर करून देऊ, वेगळे पैसे लागणार नाहीत. हार्डबाउंड प्रत मात्र सूची गाईडनी पास केल्याशिवाय पुन्हा बांधायला टाकू नका. तो खर्च आम्हाला माफ करता येणार नाही.