‘डुप्लिकेट कार्डचा लॅपटॉप घाईत गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. भावाच्या आणि तुमच्या, दोन्ही लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ४०६० हेच ग्राफिक्स कार्ड, तरी गेम त्याच्याकडे जास्त स्मूद चालतो, म्हणून आमचं कार्ड डुप्लिकेट, असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला मनस्ताप झाला, माफ करा. ग्राफिक्सचे वॅट, म्हणजे कार्डाला किती वीज मिळते ते, बिलावर लिहून द्यायला हवे होते, ते राहिलं. ती चूक आमची.

पण ‘घाईत’ हा शब्द फार लागला. त्या शनिवारी तुम्ही आणि तुमचे वडील आलात तेव्हा साडेआठ वाजले होते. आमचं शटर नऊला पडतं. त्या दिवशी सव्वादहाला पडलं. कामावरच्या मुलाला थांबवून ठेवलं, दोनदा चहा झाला, तीन मॉडेलं टेबलावर उघडून ठेवली होती. मी तेव्हाच सांगितलं होतं, नाव ४०६० असलं तरी लॅपटॉप कंपनी त्याला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीवर चालवेल ते मॉडेलवर असतं. पातळ बॉडीत गरम हवा बाहेर पडायला जागा कमी, म्हणून वॅटही कमी, आणि वॅट कमी तर गेमही तेवढा स्मूद चालत नाही. यासाठीच अडीच किलोचं जाड मॉडेल आधी पुढे केलं. ‘हे रोज कॉलेजला कोण उचलून नेणार’ असं तुम्हीच म्हणालात. भावाच्या लॅपटॉपचा जो फोटो टाकलाय, तो नीट बघा. तेच जाड मॉडेल आहे.

अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. डेस्कटॉपसारखं कार्ड काढून दुसरं बसवता येत नाही. म्हणून ‘कार्ड बदलून द्या’ म्हणालात तेव्हा नाही म्हणावं लागलं, टाळायचं म्हणून नाही. आणि सीलबंद खोका तुमच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने फोडला होता.

लॅपटॉप एकदा घेऊन या, चार्जरसकट. नुसत्या बॅटरीवर कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही. परफॉर्मन्स मोड चालू आहे का, तापमान किती जातंय, सगळं समोर बसून बघतो. पैसे घेणार नाही. साडेआठला आलात तरी थांबेन. वॅट लिहून द्यायचंही आता बघतोय.

स्टार एकच ठेवायचा तर ठेवा. ‘डुप्लिकेट’ तेवढं काढा, दादा. ते वाचून आज सकाळी एकाने ठरलेली ऑर्डर रद्द केली.