उंदीर खरा होता, नट नव्हे

गेल्या आठवड्यापासून सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘द अबिस’ या सिनेमात उंदीर द्रवात बुडूनही श्वास घेतो ते कॉम्प्युटरने केलंय, पण हिरो मात्र खऱ्या समुद्रात तोच द्रव फुप्फुसात भरून घेतो. नेमकं उलटं आहे हो!

जेम्स कॅमेरॉनच्या या १९८९च्या सिनेमातला उंदीर खराच द्रव श्वासात घेत होता. परफ्लुरोकार्बन नावाच्या द्रवात ऑक्सिजन भरपूर विरघळतो, त्यामुळे प्राणी त्यात काही काळ तगतो. उंदरांवर असा प्रयोग १९६६ सालीच झाला होता. (उंदराच्या जिवाची तगमग बघवत नाही, हे वेगळं. ब्रिटनमध्ये ते दृश्य कापलंच.) म्हणून कुणी घरचा उंदीर बादलीत सोडून बघू नये. हिप्परग्याच्या तलावाचं पाणी वेगळं आणि हा द्रव वेगळा.

हिरो झालेल्या एड हॅरिसने मात्र तो द्रव कधीच फुप्फुसात घेतला नाही. हेल्मेटमध्ये द्रव भरायचा आणि त्याने श्वास रोखून धरायचा, एवढंच. तेही काही कमी नाही म्हणा.

आणि समुद्र? पाण्याखालचं मुख्य शूटिंग अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या गॅफनीजवळ, अर्धवट सोडलेल्या अणुवीज प्रकल्पाच्या टाकीत झालं. ७५ लाख गॅलन, म्हणजे सुमारे २.८ कोटी लिटर पाणी. खोल समुद्रातला काळोख हवा म्हणून वर ताडपत्री आणि पाण्यावर काळे प्लास्टिकचे मणी पसरले होते.

कॉम्प्युटरने केलेली गोष्ट सिनेमात आहेच: तो सळसळत येणारा पाण्याचा खांब.