लसीकरणाचा कचरा: व्हायरल ‘पोलखोल’ कुठे चुकते

एक मेसेज वेश बदलून बदलून फिरतो आहे. कोविडच्या काळात त्याला जोर आला, आता तो लहान बाळांच्या लसींवर घसरलाय. सार असं: दवाखान्यांचा बहुतेक विषारी कचरा लसीकरणातून येतो, त्या सुया भंगारातून धुऊन पुन्हा विकल्या जातात आणि त्यातून एड्स पसरतो, सिस्टर फोडलेल्या कुप्या फेकत नाहीत, परत नेतात, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, तेव्हा सगळं गावातच जाळा, नाहीतर लसीकरण बंद करा. सोबत उकिरड्याचा फोटो.

आधी फोटोच बघू. त्यात ढिगानं पडल्यात सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या. अंगणवाडीतल्या लसीकरण सत्रात सलाईन लावत नाहीत.

आता प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेनं फेब्रुवारी 2022 मध्ये सांगितलं की कोविड लसीच्या 800 कोटींहून अधिक डोसांमुळे 1,44,000 टन जादा कचरा झाला. मेसेजमध्ये हा आकडा ठळक अक्षरांत असतो, भागाकार मात्र कुणी करत नाही. डोसमागे 18 ग्रॅम, तेही सुयांचे पुठ्ठ्याचे डबे धरून. आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच कोटी बाळं जन्मतात. प्रत्येकाला पंधराएक इंजेक्शनं धरा. वर्षाचे सात हजार टनांच्या आतबाहेर, म्हणजे दिवसाला वीस टनही नाही. देशात जैववैद्यकीय, म्हणजे दवाखान्यांतला घातक कचरा निघतो रोज 600 टनांहून जास्त. गरोदर बायकांचं टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) मिळवलं तरी ‘बहुतेक’ हा शब्द बसत नाही.

सुया पुन्हा विकल्या जाण्याची भीती हवेतून आलेली नाही. 2009 मध्ये गुजरातेत मोडासाला हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, पसरला आणि माणसं दगावली, ते डॉक्टरांनी सुया-सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे. पण सरकारी लसीकरणात टोचायला जी सिरिंज असते, तिचा दट्ट्या एकदा खाली गेला की अडकतो. परत ओढता येत नाही. टोचून झालं की सिस्टर सुईला टोपण न लावता ती तशीच हब कटरच्या भोकात घालते आणि दांडा दाबते. कट्‌कन आवाज येतो, सुई बुडख्यासकट खालच्या डब्यात पडते, थोटकी सिरिंज लाल पिशवीत. बाळाला सत्रावर नेलेल्या कुठल्याही आईनं हे पाहिलेलं असतं. ती थोटकी धुऊन विकून दाखवा.

कुप्यांचा मुद्दा सगळ्यात मजेशीर, कारण नियम पाळला जातोय हाच इथे पुरावा म्हणून मांडलाय. पेंटाव्हॅलंट (हिपॅटायटिस बी धरून पाच रोगांवरची एकत्र लस), टीडी, आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) यांची फोडलेली कुपी थंड साखळी नीट राखली, म्हणजे ती सतत थंड ठेवली असेल तर 28 दिवस वापरता येते. कुपीवर तारीख-वेळ लिहिलेली असते. बीसीजी (क्षयावरची लस) आणि गोवर-रुबेलाचं तसं नाही. पूड विरघळवल्यावर चार तास, नंतर उरलेली लस वाया गेली तरी चालेल, पण टोचायची नाही. मग तीही परत का नेतात? कारण एखाद्या बाळाला लसीनंतर त्रास झाला, तर तपासायला तीच कुपी लागते. म्हणून ती 48 तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत, जे आधी येईल तोवर, खूण करून वेगळी ठेवतात. संध्याकाळीच फेकली असती, तर हेच लोक ‘पुरावा नष्ट केला’ म्हणाले असते.

राहिलं जाळणं. हा सल्ला घातक आहे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार लाल पिशवीतलं प्लास्टिक जाळायचंच नसतं. ते वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून तुकडे करतात आणि पुनर्वापराला देतात. काचही निर्जंतुक होऊन पुनर्चक्रणाला जाते. टोपणं आणि वेष्टनं तर साधा कचरा. भस्मकात, म्हणजे कचरा जाळायच्या बंद भट्टीत, जातं ते थोडकंच, रक्ताळलेला कापूस वगैरे. त्या भस्मकाच्या दुसऱ्या कक्षातही 1,050 अंशांच्या आसपास तापमान लागतं. शाळेमागच्या खड्ड्यातली आग त्याच्या जवळपासही जात नाही. सुई तशीच राहते आणि धूर पोरांच्या नाकात. नियमातला भस्मकसुद्धा शेजारी कुणाला नको असतो, असा भस्मक ज्यांच्या वस्तीजवळ उभा राहिला त्या मुंबईतल्या गोवंडीकरांना विचारा.

मेसेजवाल्यांना खरंच कुठे बोट ठेवायचं असेल, तर जागा आहे. कचरा 48 तासांपेक्षा जास्त पडून राहू नये असा नियम आहे, पण पावसाळ्यात घाटापलीकडच्या उपकेंद्रातून पिशवी आरोग्य केंद्रात पोचणार कशी आणि तिथे प्रक्रिया केंद्राची गाडी येणार कधी, हा प्रश्न कागदावर सुटत नाही. शिवाय गल्लीतल्या छोट्या खासगी दवाखान्याची सुई घंटागाडीत गेली, तर ती टोचते सफाई कामगाराला. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली आणि कामगारानं स्वतः ती लस घेतलेली नसेल, तर संसर्गाची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते; एचआयव्हीची 0.3 टक्के. मेसेज एड्सच्या नावानं घाबरवतो आणि ज्याची भीती शंभरपट जास्त, त्या काविळीवरची लसच बंद करा म्हणतो.